आम्ही काय कमी केलं?

दहावीतली मुलगी दोन महिने धड जेवत नाही. कुणी हाक मारली की अंगावर येते, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. आधी दृष्ट काढून झाली. मग गावाकडच्या देवाला नारळ कबूल झाला. मग कुणीतरी म्हणालं बाहेरचं असेल, तेही बघून झालं. शेवटी डॉक्टरांच्या तोंडून ‘डिप्रेशन’ हा शब्द आला, आणि आईच्या तोंडून वाक्य आलं ते असं: “आम्ही काय कमी केलं हिला?”

हे प्रकरण त्या एका वाक्याचं उत्तर शोधण्यासाठी आहे. वाक्यात अपराधीपणा आहे, थोडा रागही आहे, आणि एक हिशेबसुद्धा आहे: माया म्हणजे रेशन, ते पुरेसं टाकलं तर पोर सुखी राहायला हवं.

गोवंडीत हा प्रश्न विचारला की ‘कमी’ या शब्दाला धार येते. मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागातला हा भाग. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात शेवटचा होता. १९२७पासून शहराचा कचरा देवनारच्या डंपिंगवर येतो. २०१६च्या जानेवारीत त्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हा इथल्या घरांत दिवसचे दिवस धूर भरून राहिला होता. १९७६मध्ये जनता कॉलनी ही वस्ती उठवून चिता कॅम्पमध्ये आणून टाकली, आणि अलीकडे रेल्वेलगतची, रस्त्याकडेची कुटुंबं लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडच्या इमारतींत आली. उठवलेल्या माणसांनी वसलेला मुलूख आहे हा. त्यामुळे बाहेरच्याला उत्तर सोपं वाटतं: गरिबी, दुसरं काय?

पण एकाच गल्लीत, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन घरांपैकी एका घरातलं पोर कोमेजतं आणि दुसऱ्या घरातलं तरतं. गरिबी दोघांनाही आहे. मग फरक कुठे पडतो?

१. पाऊस आणि तुंबलेलं पाणी

आधी शब्द साफ करू. ‘मला डिप्रेशन आलंय’ हे आता मॅच हरल्यावरही म्हणतात. उदास वाटणं म्हणजे पाऊस. तो सगळ्यांवर पडतो, पडून जातो, तासाभरात रस्ता मोकळा. नैराश्य म्हणजे तुंबलेलं पाणी. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी गल्लीत गुडघाभर पाणी तसंच, कारण खाली कुठेतरी गटार बंद पडलंय. आभाळाकडे बघून त्याचा अंदाज येत नाही.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची मुदत धरतात. मन खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं, यांपैकी निदान एक गोष्ट बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ असायला हवी. सोबत झोप बिघडणं, भूक बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण निकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, यांतल्या काही गोष्टी. आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असायला हवं.

मुलांच्या बाबतीत इथेच गफलत होते. मोठा माणूस खिन्न झाला की खिन्न दिसतो. चौदा वर्षांचं मूल बऱ्याचदा चिडकं दिसतं. म्हणून निदानाच्या नियमांत मुलांसाठी खिन्नतेच्या जागी चिडचिड धरायला मुभा आहे. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं पोट दुखतं, कुणी शाळा बुडवतो. घरात या सगळ्याला आजाराचं नाव मिळत नाही. ‘नाटकं’, ‘माज’, ‘मोबाईल’ ही नावं मिळतात.

२. चाळीस मुलांच्या वर्गात किती?

तीन आकडे घेऊ आणि ते चाळीस मुलांच्या एका वर्गाला लावून बघू.

पहिला आकडा गोव्याचा. तिथल्या १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलांचा एक अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. कुठला ना कुठला मानसिक आजार असलेली मुलं निघाली १.८१ टक्के. आपल्या वर्गात एक मूलही पूर्ण भरत नाही. दुसरा आकडा देशाचा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयोगटात हेच प्रमाण ७.३ टक्के आलं. म्हणजे वर्गात तिघं. तिसरा आकडा चीनचा. तिथल्या २०२०च्या पाहणीत किशोरवयीन मुलांत नुसत्या नैराश्याचंच प्रमाण २४.६ टक्के निघालं. वर्गात दहा जण!

मग चिनी मुलं गोव्याच्या मुलांपेक्षा तेरापट दुःखी आहेत का? नाही. चाळण्या वेगळ्या आहेत. गोव्यात प्रशिक्षित माणसाने मुलाखत घेऊन, निदानाचे नियम लावून मोजलं. ती मैद्याची चाळणी. चीनमध्ये मुलांनी प्रश्नावली भरली आणि ठरावीक गुणांच्या वरची सगळी मुलं मोजली गेली. ती रवा चाळायची. त्या २४.६मध्येही तीव्र नैराश्याकडे झुकणारी मुलं ७.४ टक्केच होती. प्रश्नावली सांगते ‘इथे जरा बघा’, मुलाखत सांगते ‘इथे आजार आहे’. वर्तमानपत्रात टक्केवारी वाचली की आधी चाळणी कुठली ते विचारावं.

गमतीचा भाग असा, की या देशातली कुटुंबं मोजण्याचं काम गोवंडीतूनच चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था गोवंडी स्टेशन रोडवर आहे. टाटा समाजविज्ञान संस्था इथेच देवनारला. कुटुंबाविषयीचं इतकं ज्ञान एका उपनगरात साठलेलं आहे. त्यातलं थोडं इथल्याच शिवाजीनगरच्या वस्तीतल्या पोटमाळ्यापर्यंत पोचवता येतं का, ते पुढे बघू.

३. घराचा सूर

१९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाचे समाजशास्त्रज्ञ मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग घेत होते. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण पुन्हा आजारी पडत, आणि भाड्याच्या खोलीत परक्या माणसांत राहायला गेलेले त्यापेक्षा बरे राहत. आपल्या माणसांच्या घरात असं काय होतं?

ब्राऊन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी नातेवाइकांना रुग्णाविषयी बोलतं केलं आणि ते ध्वनिमुद्रण नीट ऐकलं. काय बोलले यापेक्षा कुठल्या पट्टीत बोलले, याकडे कान लावला. तीन गोष्टी मोजल्या: टोचून बोलणं, झिडकारणं, आणि अति जीव टाकणं, म्हणजे पोराचा श्वाससुद्धा आपणच घ्यायला जाणं. यांतली एखादी गोष्टही जास्त असलेल्या घरांत रुग्ण लवकर कोसळत. १९७६मध्ये व्हॉन आणि लेफ या दोघांनी नैराश्याचे रुग्ण घेऊन हेच पाहिलं, तेव्हा या रुग्णांना कोसळायला त्याहूनही थोडे टोमणे पुरतात असं दिसलं.

आपल्याकडे याचा पडताळा चंदीगडला घेतला गेला. लंडनच्या मानाने तिथले नातेवाईक टोचून कमी बोलत, अति जीवही कमी टाकत. इथवर वाचून आपली कॉलर ताठ होते. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की कौतुकाचे शब्दही ते कमीच बोलत. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. पोराला नव्वद टक्के पडले तर ‘दहा कुठे गेले’ म्हणणारं आणि मग गुपचूप पेढे आणणारं आपलं घर!

सूर म्हणजे नेमकं काय, ते दोन वाक्यांत ऐकू येईल. “आज भांडी घासली नाहीस, मला आल्यावर घासावी लागली.” आणि “तू आहेसच तसली, आईचा जीव गेला तरी उठणार नाहीस.” राग दोन्हीत आहे. पहिल्या वाक्यातला राग भांड्यांवर थांबतो, दुसरा पोरीच्या अंगाला चिकटतो. ती भांडी घासून पहिला पुसू शकते. ‘तसली’ कशाने घासायचं?

४. वळण आणि वेसण

आता प्रामाणिक शंका येते: मग काय, पोरांना काही बोलायचंच नाही? गोवंडीच्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर पोरगं कुठे आहे हे न विचारणारी आई शहाणी नाही. नाक्यावर नशेचं सामान मिळतं, हे तिला ठाऊक असतं.

चिनी घरांवरून हाच वाद अमेरिकेत झाला होता. पाश्चात्त्य मोजपट्टीने चिनी आईबाप ‘हुकूमशहा’ ठरत होते. १९९४मध्ये रूथ चाओ या संशोधक बाईंनी दाखवलं की चिनी भाषेत यासाठी ‘ग्वान’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ ताबा ठेवणं, आणि त्याच वेळी काळजी घेणं, जीव लावणं. एकाच शब्दात दोन्ही. मराठी वाचकाला हे समजायला अडचण पडू नये. आपण ‘वळण लावणं’ म्हणतो. अक्षराला लावतो, वेलीला लावतो, पोराला लावतो.

मग वळण कुठे संपतं? १९९६मध्ये ब्रायन बार्बर यांनी केलेली फोड इथे उपयोगी पडते. एक ताबा वागण्यावरचा: नऊच्या आत घरी ये, कुणाबरोबर जातोस ते सांगून जा. दुसरा ताबा मनावरचा: अबोला धरणं, लाज काढणं, माया आखडती घेणं, उपकारांची यादी वाचणं. पहिला मुलांना बहुधा सावरतो. दुसऱ्याचा नैराश्याशी संबंध पुन्हा पुन्हा आढळलेला आहे, अमेरिकेत आणि चीनमध्येही. पहिल्याला वळण म्हणा. दुसरी वेसण आहे; बैलाच्या नाकातून ओवतात ती. ओढली की मान वळते हे खरं, पण दुखतं म्हणून वळते.

आपल्याकडची सर्वांत चालू वेसण कुठली विचाराल तर, “तुझ्यासाठी मी चार घरची भांडी घासते.” ती बाई खोटं बोलत नसते. ती खरंच घासते. म्हणूनच हे वाक्य इतकं जड होतं. पोराला त्याचं काही करता येत नाही, ते फेडताही येत नाही. एक मूल धोरणाच्या पस्तीस वर्षांत (१९८० ते २०१५) चीनच्या शहरांत असंच झालं: दोन आईबाप, चार आजीआजोबा आणि सहा जणांच्या अपेक्षा एका दप्तरात. २०२२च्या १ जानेवारीपासून तिथल्या सरकारने आईबापांनी घरात कसं वागावं याचाच कायदा लागू केला. घराचा सूर कायद्याने लागतो यावर माझा तरी विश्वास नाही.

५. एक घर, जवळून

समजा, शिवाजीनगरात एक घर आहे. घर कल्पित आहे, त्यातले तुकडे खरे आहेत. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. शिडी लोखंडी, तिची तिसरी पायरी हलते. वडील शिफ्टवर रिक्षा चालवतात. आई चेंबूरला तीन घरी पोळ्या करते. आजी खालीच बसून असते. धाकटा भाऊ सातवीत. मोठी मुलगी दहावीत. पहाटे पाण्याचे कॅन भरणं, भावाला शाळेसाठी उठवणं आणि आजीची गोळी ही तिची कामं.

सहामाहीत तिला गणितात चौदा गुण पडतात. घरी कळतं. वडील म्हणतात, “एवढी फी भरतो ती कशाला?” एक वाक्य, थकलेल्या माणसाचं. ती पोटमाळ्यावर जाऊन झोपते. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला उठत नाही. आई कामावर उशिरा पोचते, तिथली बाई बोलते, ती बोलणी आई घरी घेऊन येते आणि शिडीखाली उभी राहून वर भिरकावते. मुलगी उलट बोलते. आजी म्हणते, “आमच्या वेळी असं नव्हतं.” मुलगी बोलणंच बंद करते. गप्प पोर बघून आईला भीती वाटते, आणि आपल्याकडे भीती बहुतेक वेळा ओरडण्याच्या रूपात बाहेर पडते. त्या ओरडण्याने मुलगी आणखी आत जाते.

यात गुन्हेगार शोधायला गेलं तर सापडत नाही. टोमण्याने पोर मिटतं, हे खरं. मिटलेलं पोर बघून घर जास्त टोमणे मारतं, हेही तितकंच खरं. मुलाच्या आजाराने आईबापाचा सूर बिघडतो, असं महिनोन्‌महिने घरांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. हा रहाट आहे. आधी कुठली घागर बुडाली, हा प्रश्न रहाटाला लागूच होत नाही. ‘आम्ही काय कमी केलं’ या प्रश्नाची खोट इथे आहे. तो एका रेषेचा प्रश्न आहे: आम्ही कमी केलं, म्हणून ती आजारी. घर रेषेत चालत नाही.

रहाटाची मात्र एक सोय आहे. तो कुठल्याही घागरीपाशी हात घालून मंद करता येतो, आणि तो हात मुलीचाच असावा लागतो असंही नाही. मर्ना वाइसमन यांनी २००६मध्ये अमेरिकेत हे फार सुंदर दाखवलं. त्यांच्या अभ्यासात उपचार आईवर झाले, नैराश्याचे. मुलांना हातही लावला नव्हता. तीन महिन्यांनी बघितलं तर ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांतल्या आजारांचं प्रमाण उतरलं होतं, आणि ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांचं चढलं होतं. चेंबूरला तीन घरी पोळ्या लाटून आलेल्या बाईला कुणी ‘तुला झोप लागते का गं?’ असं कधी विचारलंय का? माझ्या मते मुलीच्या उपचारातला हा एक प्रश्न आहे.

६. दार नसलेलं घर

इथल्या पुनर्वसनाच्या इमारतींतलं घर २२५ चौरस फुटांचं. त्यात पाच-सहा माणसं. नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधली जागा इतकी अरुंद, की खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूबलाइट लागते. अशा घरात मनातलं बोलायला जागा कुठली? आईला काही सांगायचं तर आजी ऐकते. रडायचं तर मोरीत, नळ सोडून. मानसोपचाराची पुस्तकं सांगतात की मुलाशी शांतपणे, एकांतात बोला. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरांना दारं असतात.

याची दुसरी बाजू चीनमध्ये दिसते. तिथे आईबाप शहरात कारखान्यात आणि मूल गावात आजीकडे, अशी ९० लाखांहून जास्त मुलं २०१६मध्ये सरकारने मोजली होती. त्या मुलांकडे जागा आहे, माणूस नाही. गोवंडीत माणसं अंगाला अंग लावून आहेत, पण सकाळी सहाला गेलेले वडील रात्री दहाला येतात आणि आल्यावर त्यांच्यात बोलायला त्राण नसतं. अंतर किलोमीटरमध्येच असतं असं नाही.

७. मग काय करायचं?

गोव्याच्या त्या अभ्यासाकडे परत जाऊ, कारण त्यात आपल्या आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अडचणीत आधार कुणाचा वाटतो, असं विचारल्यावर ज्या मुलांनी आधी घरच्यांचं नाव घेतलं, त्यांच्यात आजार कमी आढळले. मारहाण आणि शिवीगाळ सोसलेल्या, अभ्यासात अडलेल्या, घराभोवतीचा परिसर असुरक्षित असलेल्या मुलांत ते जास्त होते. म्हणजे घर औषधासारखं काम करतं. पण बाटली घरात असून भागत नाही, झाकण उघडावं लागतं.

घराच्या बाहेरही हात आहेत. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. डॉक्टर नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती शाळेत ‘मित्र’ म्हणून नेमली, तिथलं वातावरण सुधारलं आणि मुलांतलं नैराश्यही कमी झालं. तेच काम शिक्षकांवर टाकलं, तिथे फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असं मुळीच नाही. पण गुण देणाऱ्या माणसाला पोर मनातलं सांगेल कसं?

महाराष्ट्रात किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. २०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मनाच्या आरोग्याचाही समावेश आहे. २०२२च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आईबापांनीही तिथे फोन करायला हरकत नाही. औषध लागेल की नुसतं बोलून भागेल, हे डॉक्टर ठरवतील. काही मुलांना दोन्ही लागतं.

एका गोष्टीसाठी मात्र थांबू नये. पोर मरणाची भाषा बोललं, स्वतःला इजा करू लागलं, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार पोराच्या डोक्यात घुसतो, अशी समजूत आहे. ती चूक आहे. बहुतेक वेळा विचारल्याने पोराला हायसं वाटतं.

बाकी राहिला घरातला सूर. त्याला दार नसलेल्या घरात जागा कशी काढायची? आपल्या कल्पित घरात ती रिक्षात निघते. रविवारच्या सकाळी वडील मुलीला क्लासला सोडतात, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने. ती मागे बसलेली. त्यांची नजर रस्त्यावर, तिची बाहेर. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते समोर पाठ असताना येतं, आणि इथे ऐकायला आजीही नसते. तिसऱ्या रविवारी ती म्हणते, “पप्पा, मला रात्री झोपच येत नाही.”

‘मोबाईल ठेव बाजूला’ हे वाक्य वडिलांच्या जिभेवर येतं. शिवाजीनगरचा सिग्नल लाल आहे. ते मीटरकडे बघत राहतात. सिग्नल सुटतो, मागचा टेम्पो हॉर्न देतो, तेव्हा कुठे ते गिअर टाकतात.

“कधीपासून गं?”